दिवा कोणी विझवला?

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पहिल्यांदा लागला, तेव्हा मी तो तीनशे रुपयांत विझवून घेतला. घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखाली हात घालून एक छोटे यंत्र जोडले, दोन बटणे दाबली आणि म्हणाला, "झालं सर." दिवा गेला. का लागला होता, हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. वर्षभरात असे तीनदा झाले. एकदा सोलापूरला लग्नाला जायचे होते म्हणून, एकदा घरातली माणसे घाबरली म्हणून, आणि तिसऱ्यांदा गाडी विकायची होती म्हणून. या तिसऱ्या वेळेविषयी मला लिहायचे आहे.

गाडी २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी. २०१८ मध्ये पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा तिला बाहेरून सीएनजीचे किट बसवून घेतले. आरटीओत जाऊन आरसी बुकात नोंदही केली. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, उत्पादकाने ठरवून दिलेल्या रचनेत मालकाने मनाला येईल तसा बदल करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हेच बजावले. पण मान्यताप्राप्त किट बसवून इंधन बदलण्याची मुभा कायद्यातच आहे. म्हणजे आमची गाडी बदललेली होती, पण चोरून बदललेली नव्हती.

तरीही या बदलाचा एक फायदा मी घेत राहिलो. दिवा लागला की धाकटा भाऊ म्हणायचा, "भाईजान, किट लावलंय म्हटल्यावर दिवा लागणारच. त्याकडे बघायचं नसतं." शेजारी तेच म्हणायचे, गॅरेजवालाही तेच म्हणायचा. मला हे वाक्य फार सोयीचे वाटले. दिवा कंपनीच्या मूळ गाडीसाठी बसवलेला, आमची गाडी आता मूळ राहिलेली नाही, मग त्या दिव्याचे म्हणणे आम्हांला कशाला लागू व्हावे?

गाडी घ्यायला तयार झाला तो माझा एक माजी विद्यार्थी. कोंढव्यात राहतो, सासवडच्या एका शाळेत शिकवतो. रोज बोपदेव घाट चढून जायचे आणि उतरून यायचे, सोबत बायको आणि लहान मुलगी. तो गाडी बघायला आला तेव्हा बॉनेटसुद्धा उघडले नाही. म्हणाला, "सर, तुमची गाडी म्हटल्यावर काय बघायचं?" डॅशबोर्ड स्वच्छ होता. आदल्याच दिवशी मी तो स्वच्छ करून घेतला होता. मी चहा पुढे केला आणि गप्प बसलो.

मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी गाडी काढून कोंढव्यातल्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. कार्बोरेटरच्या काळात ते गाडीच्या आवाजावरून आजार सांगत. आता साठी उलटल्यावर लॅपटॉप शिकले आहेत.

उस्तादांनी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत आपले यंत्र जोडले. थोडा वेळ पडद्याकडे पाहिले आणि माझ्याकडे वळून विचारले, "सर, बत्ती किसने बुझाई?"

मी चपापलो. ते म्हणाले, "हे बघा. कोड पुसल्यापासून गाडी एकेचाळीस किलोमीटर चालली आहे. गाडी स्वतःची जी तपासणी करते, त्यातल्या बऱ्याच तपासण्या अजून अपुऱ्या आहेत. कोणीतरी परवा-काल पाटी पुसली आहे."

मला वाटत होते की पुसले म्हणजे संपले. पण पुसल्याचीही नोंद राहते. गुन्ह्याचा कागद फाडला तरी कागद फाडल्याची वेळ वहीत उरते, तसे हे होते. मी सगळे सांगून टाकले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आता दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि दिवा लागू द्या. साक्षीदाराचं तोंड बांधून चौकशी होत नाही."

या दिव्याविषयी मला जे कळले ते वाचकांना थोडक्यात सांगतो, कारण आपण बहुतेक जण त्याला घाबरतो किंवा त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. त्याचे ऐकत मात्र नाही. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ही तपासणीची पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे ती टप्प्याटप्प्याने आली. २०१० मध्ये प्राथमिक स्वरूपात आणि २०१३ मध्ये पूर्ण रूपात. इंजिनाचा संगणक हवा, तापमान, ठिणगी, धुरातला प्राणवायू यांवर सतत नजर ठेवतो. जे असायला हवे आणि जे आहे, त्यांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त अंतर पडले की तो नोंद करतो. बहुतेक दोष एकदा दिसल्याने दिवा लागत नाही. पुढच्या फेरीतही दोष दिसला तरच लागतो. म्हणजे हा साक्षीदार उतावळा नाही. दिवा स्थिर असेल तर लवकर दाखवा, असा त्याचा अर्थ. तो उघडझाप करू लागला तर गाडी त्याच वेळी हळू करावी, कारण न जळलेले इंधन सायलेन्सरमधल्या शुद्धीकरणाच्या भांड्यात जाऊन तिथे जळत असते.

तिसऱ्या दिवशी दिवा लागला. कोड होता पी ०१७१. त्याचा अर्थ, इंजिनात इंधनाच्या मानाने हवा जास्त होते आहे. दोष धरला गेला त्या क्षणाचे जणू एक छायाचित्रही संगणकाने जपून ठेवले होते. गाडी उभी, इंजिन गरम, फेरे कमी.

मी लगेच म्हणालो, "म्हणजे किटच. गॅसचं प्रमाण वेगळं असतं ना?" माझे अर्धे ज्ञान खरे होते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, सीएनजीला सुमारे १७. उस्ताद म्हणाले, "किट असेलही. पण बघितल्याशिवाय कसं म्हणायचं?"

त्यांनी गाडी आधी पेट्रोलवर चालवली, मग गॅसवर. पडद्यावर एक आकडा बदलत होता. हवा जास्त झाली तर संगणक मुकाट्याने इंधन वाढवतो. किती वाढवले, त्याचा तो आकडा. गाडी उभी असताना पेट्रोलवर तो २४ टक्क्यांवर होता. पाय दाबून फेरे अडीच हजारांवर नेले तसा तो ६ टक्क्यांवर आला. गॅसवरही जवळजवळ तेच. उस्ताद म्हणाले, "फक्त गॅसवर बिघडलं असतं तर किटच्या मापात चूक. पेट्रोलवरही तेच दिसतंय. फेरे कमी असताना जास्त, वाढले की कमी. म्हणजे कुठूनतरी चोरटी हवा आत येते आहे. भोक तेवढंच आहे. मोठ्या श्वासात ते जाणवत नाही, छोट्या श्वासात जाणवतं."

या गाडीत हवेचे माप घेणारा सेन्सर फिल्टरजवळ असतो. त्याच्या पुढे कुठे फट पडली तर तिथून येणारी हवा मोजलीच जात नाही. उस्तादांनी हवेच्या नळीतून धूर आत सोडला आणि बॅटरी धरून बसले. मिनिटभराने एका जागेवरून धुराची बारीक रेघ निघाली. किट बसवताना गॅस आत सोडण्यासाठी हवेच्या नळकांड्यांना चार भोके पाडून चार छोट्या तोट्या बसवल्या होत्या. त्यांतली एक ढिली झाली होती.

म्हणजे दोष बदलातूनच आला होता. माझा भाऊ, शेजारी आणि गॅरेजवाला तसे बरोबर होते. पण बदलेल्या गाडीला दिवा लागणारच, हे म्हणणे वेगळे आणि बदल करताना एक तोटी नीट बसली नाही, हे म्हणणे वेगळे. पहिल्या वाक्याने चौकशी संपते. दुसरे वाक्य चौकशीच्या शेवटी येते. पहिले ऐकून मी वर्षभर तो दोष वागवत राहिलो. दुसऱ्याने तो नऊशे रुपयांत गेला.

त्या वर्षभरात गाडी चालत होतीच, कारण संगणक सांभाळून घेत होता. कमी पडेल तिथे इंधन वाढवून तो वेळ निभावत होता. जेव्हा निभावणे त्याच्याही आवाक्याबाहेर गेले तेव्हाच त्याने दिवा लावला. घरातही असेच होते. कुणीतरी एक जण मुकाट्याने सगळ्यांचे कमीजास्त भरून काढत असतो, आणि त्याने एक दिवस तोंड उघडले की आपण म्हणतो, याला काय झाले?

तोटी बसवताना मी उस्तादांना एक प्रश्न विचारला. किटचा डबा पाहताना त्यांनी सांगितले होते की, गाडी गॅसवर चालते तेव्हा पेट्रोलच्या पिचकाऱ्या बंद होतात. मूळ संगणकाला हे कळले तर तो पिचकाऱ्या तुटल्या म्हणून दिवा लावील. म्हणून किटचा डबा त्याला खोटा भार दाखवतो. पिचकाऱ्या जागेवर आहेत असे भासवतो. मी म्हणालो, "मग हेही खोटंच ना? तुम्ही हे चालवून घेता आणि मी दिवा विझवला तर मात्र चूक?"

ते हसले. "सर, ते दुभाष्याचं काम आहे. दुभाषा शब्द बदलतो, मतलब बदलत नाही. धुराच्या नळीतला सेन्सर तसाच ठेवलाय ना? इंजिन नीट जळतंय की नाही हे तो अजून खरंच सांगतो. तुम्ही त्या खरं बोलणाऱ्यालाच गप्प केलंत."

पुढे त्यांनी दुसरा प्रकार सांगितला. काही हौशी लोक आवाज आणि जोर वाढावा म्हणून शुद्धीकरणाचे भांडेच काढून टाकतात. भांड्याच्या पलीकडे एक सेन्सर असतो; तो भांडे काम करते की नाही हे पाहतो. भांडे गेले की तो बोंब मारतो. मग त्याला एक नळी लावून धुरापासून लांब धरतात, किंवा संगणकाला बनावट आकडे पुरवतात. दिवा लागत नाही. गाडीत बसलेल्याला काही त्रास नाही. त्रास सिग्नलला मागे उभ्या असलेल्या दुचाकीवाल्याला आणि त्याच्या पुढ्यात बसलेल्या मुलाला. त्यांच्यासमोर कोणताच डॅशबोर्ड नसतो.

इथे मला फरक दिसला. बदल करणे हा गुन्हा नाही. बदलाला जुळेल अशी इशाऱ्याची भाषा बदलणे हाही गुन्हा नाही. पण ज्याला नुकसान सोसायचे आहे त्याच्यापासून ते लपवण्यासाठी इशारा बंद करणे, ही खोटी साक्ष. ती देताना तोंड उघडावे लागत नाही.

हे काम केवळ गल्लीतल्या गॅरेजमध्ये होते असे नाही. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनला नोटीस बजावली. कंपनीच्या डिझेल गाड्यांतला संगणक आपली चाचणी चालू आहे हे ओळखत असे. चाचणीपुरता धूर स्वच्छ ठेवी आणि रस्त्यावर आला की सैल सोडी. नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत गेलेले आढळले. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाड्या प्रयोगशाळेबाहेर, रस्त्यावर चालवून मोजल्या म्हणून हा फरक उघडकीला आला. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली असल्याचे कंपनीने मान्य केले. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेने तपासणी केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. तिथे दिवा विझवावा लागला नाही, कारण तो लागणारच नाही अशी व्यवस्था जन्मापासूनच होती. माझे तीनशे रुपये आणि त्यांचे कोट्यवधी यांत मापाचा फरक आहे. कृती एकाच जातीची आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माणूसही बदलतो. गाव सोडून शहरात येतो, शिकतो, जुन्या समजुती टाकतो, नव्या घेतो. पण आतला इशारा पुष्कळदा जुन्या घडणीचाच राहतो. माझ्या बहिणीला पुण्याच्या वसतिगृहात ठेवले तेव्हा आई महिनाभर जेवली नाही म्हटले तरी चालेल. आपण काहीतरी पाप करतो आहोत असे तिला वाटत होते. तिचा दिवा लागला होता. पण नुकसान कुणाचे होत होते? बहिणीचे नाही, घराचे नाही. तो दिवा दुसऱ्या काळातल्या, दुसऱ्या रचनेतल्या घरासाठी बसवलेला होता.

मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनची कथा १८८४ मध्ये इंग्लंडमध्ये आणि १८८५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यातला पोरगा जिम नावाच्या गुलामाला पळून जायला मदत करतो, आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी त्यालाच टोचत राहते. एका बाईची मालमत्ता आपण चोरतो आहोत, असे त्याला मनापासून वाटते. तो तिला कळवण्यासाठी चिठ्ठी लिहितो आणि शेवटी फाडतो. म्हणजे आतला आवाजही चुकीच्या मापावर लावलेला असू शकतो. मग त्याचे ऐकायचे केव्हा?

महात्मा गांधींनी ८ मे १९३३ रोजी येरवड्याला एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. आतल्या आवाजाने तो सांगितला असे ते म्हणत. हा मनाचा भास कशावरून नाही, असे लोकांनी विचारलेच. शंका घेणाऱ्याला पटेल असा पुरावा देता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. पण असा दावा वाटेल त्याने करू नये, त्याआधी दीर्घ शिस्त आणि आत्मपरीक्षण हवे, असा त्यांचा आग्रह होता. मला हे उस्तादांच्या म्हणण्याजवळचे वाटते. सेन्सर स्वच्छ ठेवला पाहिजे, आणि त्याने काही सांगितले की बघितले पाहिजे. इशारा म्हणजे निकाल नव्हे. पण तो लागला असताना, हा जुन्या घडणीचा आहे, असे न बघताच म्हणणे हा आपण आपल्याच बाजूने दिलेला निकाल असतो.

आईचा इशारा आणि माझा इशारा यांत हाच फरक होता. आईने तो कुणापासून लपवला नाही. ती रडली, भांडली, वसतिगृहात जाऊन खोली बघून आली, मुलींशी बोलली, आणि हळूहळू तिचा दिवा आपणहून विझला. मी न बघता विझवला, आणि तोही गाडी दुसऱ्याच्या हातात जायच्या आदल्या दिवशी.

तोटी पक्की झाल्यावर मी उस्तादांना म्हणालो, "आता तरी पुसा." त्यांनी नकार दिला. "आता गाडीलाच पुसू द्या. लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर दिवा आपोआप जातो. आतली नोंद आणखी काही दिवस राहते. इंजिन चाळीसेक वेळा थंड होऊन गरम झालं आणि दोष आला नाही, की मग तीही जाते." अमेरिकेत २०१० च्या सुमारापासून तर काही नोंदी अशा केल्या आहेत की त्या यंत्राने पुसताच येत नाहीत; दोष गेला अशी गाडीचीच खात्री झाली तरच जातात. पश्चात्तापाविषयी मी बरीच व्याख्याने ऐकली आहेत. इतके नेमके कुणी सांगितले नव्हते.

चार दिवसांनी दिवा गेला. मी त्या विद्यार्थ्याला घरी बोलावले आणि उस्तादांनी कागदावर लिहून दिलेले सगळे त्याच्यापुढे ठेवले. तीनदा विझवलेला दिवा, ढिली तोटी, दुरुस्ती. किंमत कमी करायचीही तयारी दाखवली. तो बराच वेळ कागद वाचत राहिला. मग त्याने विचारले, "सर, उस्तादांना कळलं नसतं तर तुम्ही मला सांगितलं असतं का?"

मी म्हणालो, "माहीत नाही." उस्तादांकडे मी आपणहून गेलो होतो, हे खरे. पण दोष निघाला नसता तर तीन वेळा विझवल्याचे त्याला सांगितले असते असे छातीवर हात ठेवून म्हणता आले नाही.

त्याने गाडी घेतली, पण त्याआधी बॉनेट उघडले, उस्तादांकडे नेऊन पुन्हा तपासली, आणि गॅसच्या टाकीच्या चाचणीची तारीखही पाहिली. सगळे नीट पाहिले. हे बरेच झाले; कुणाचीही गाडी अशीच घ्यावी. पण पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, "तुमची गाडी म्हटल्यावर काय बघायचं?" ते वाक्य तो पुन्हा म्हणाला नाही. त्याच्या लेखी माझ्या नावापुढची नोंद जायला किती फेऱ्या लागतील ते मला ठाऊक नाही. ती पुसायला मी कुणाकडे जाणार नाही, एवढे मात्र मी ठरवले आहे.